शेवाळ आलेले निबंध

“…आणि तुमच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे, ते मी तुम्हालाच वाचून दाखवते. ‘ज्याला काही सांगायचं असतं, तो बसमध्ये जागा असूनही दारापाशी उभा राहतो.’ हे वाचलं आणि मी उठून खोलीत एक फेरी मारून आले. खरंच सांगते. एवढं सुंदर वाक्य तुम्ही शेवटच्या पानावर का लपवून…”

कपाटाचं दार खाडकन उघडलं.

“सूनबाई! कपाटात कोण बोलतंय?”

रजयांच्या चळतीत मांडी घालून, डोक्यावर नवऱ्याचा कोट लोंबत असलेल्या अवस्थेत बाईंनी वर पाहिलं. सासूबाईंच्या हातात लाटणं होतं.

“मीच आहे आई.”

“तू? आणि एवढं?” सासूबाईंनी लाटणं खाली घेतलं. “मला वाटलं कुणी बाईमाणूस शिरलं घरात. या घरात येऊन तुला किती वर्षं झाली, तुझं एक अख्खं वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि बोलायचं ते रजयांशी?”

“विद्यार्थ्यांशी बोलतेय. फोनवर आवाज भरून पाठवायचाय. लेकीने सांगितलं, कपाटात बस, कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही.”

“बरं बरं. चालू दे तुझं. पण गुदमरू नकोस.” दार लोटलं गेलं आणि लगेच पुन्हा फटीएवढं उघडलं. “ते दारापाशी उभं राहायचं काय म्हणालीस, ते खरं आहे हो. तुझे सासरे तसेच होते.”

बाईंच्या लक्षात आलं, की फोनवरचा लाल ठिपका अजून लुकलुकतोय. मधलं कसं कापायचं ते लेकीने शिकवलं नव्हतं. आता पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलायचं? जे एकदा मनापासून बोलून झालंय ते पुन्हा तसंच कसं येणार? त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि राहिलेलं तसंच पुढे बोलून टाकलं. संपलं तेव्हा पाहिलं, तर रेकॉर्डिंग नऊ मिनिटांच्या वर गेलं होतं. बाकी सगळ्यांची दोन-तीन मिनिटांची होती.

बाई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या. आवाज इतका मऊ, की मागच्या बाकांवर त्यांचं शिकवणं कधी पोहोचलंच नाही. विद्यार्थी त्यांना ‘म्यूट मॅडम’ म्हणायचे. त्यात त्यांचं रोजचं मौन. दुपारी चार वाजले, की संध्याकाळी देवापुढे दिवा लागेपर्यंत त्या एक शब्द बोलत नसत. हे व्रत कधी घेतलं, कशासाठी घेतलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आजारपणातसुद्धा मोडलं नव्हतं. “चारच्या आधीच्या आणि नंतरच्या मॅडम शेजारी उभ्या करा आणि फरक ओळखा,” असा एक विनोद दरवर्षीची नवी तुकडी नव्याने करायची.

आवाजाची ही कसर बाई लिहून भरून काढायच्या. निबंध तपासताना हिरव्या शाईचं पेन, आणि बारीक, ताठ, मोत्यासारखं अक्षर. सामान्य निबंध असला तर खाली दोन ओळी आणि गुण. पण एखादा आवडला, की पेन थांबायचंच नाही. समासात लिहायच्या, ओळींच्या मधे लिहायच्या, कागद आडवा फिरवून कडेने लिहायच्या. इथे तुम्ही थांबलात, पुढे जा. हे कुणी सांगितलं तुम्हाला? अजून सांगा. विद्यार्थ्याशी वर्गात जे कधी बोलता आलं नाही, ते सगळं त्या पानावर ओतलेलं असायचं.

या सत्रात विभागप्रमुखांनी नवा प्रयोग काढला. विभागप्रमुख वयाने बाईंपेक्षा लहान, चालतानासुद्धा धावणाऱ्या. अर्ध्या वर्गाला निबंधावरचा अभिप्राय नेहमीसारखा लेखी द्यायचा आणि अर्ध्यांना आवाजात. कशाचा उपयोग जास्त होतो ते बघायचं. कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. बाई म्हणाल्या होत्या, “मला सगळे लेखीच द्या ना. माझा आवाज तुम्हाला माहितीये.”

“म्हणूनच तर!” विभागप्रमुख म्हणाल्या होत्या.

आणि झालं भलतंच!

सोमवारी बाई वर्गात शिरल्या, तर मागचा बाक रिकामा. मागच्या बाकावरची सगळी टोळी पुढे येऊन बसलेली.

“मॅडम, तुम्ही एवढं मस्त बोलता?” त्यातला एक दांडगा मुलगा म्हणाला. “मी हेडफोन लावले, आणि तुम्ही एकदम कानात! मी दचकून मागं बघितलं.”

“मी तीनदा ऐकलं मॅडम. आईला पण ऐकवलं. आई म्हणाली, ह्या बाई रागावल्यात का कौतुक करतायत? मी म्हटलं, दोन्ही.”

“आम्हाला का नाही पण आवाज?” लेखी गटातली एक मुलगी रुसून म्हणाली. “आम्ही काय पाप केलं?”

वर्गात एकच गलका झाला. फोन मायक्रोफोनसारखे धरून पोरं बाईंची नक्कल करत होती, आणि नक्कल करायला का होईना, बाईंचं वाक्य त्यांच्या तोंडात होतं. सगळ्या गोंधळात चष्म्याची एक शांत मुलगी हात वर करून थांबली होती.

“मॅडम, खरं सांगू? मला लिहिलेलंच बरं वाटतं. आवाजात तुम्ही एक पुस्तक सुचवलंत, ते नेमकं कुठं म्हणालात ते शोधायला मला चार वेळा मागं-पुढं करावं लागलं. कागदावर बोट ठेवता येतं.”

“बरोबर आहे तुझं,” बाई म्हणाल्या, आणि आज हे वाक्य सगळ्या वर्गाला ऐकू गेलं, कारण सगळा वर्ग पुढे सरकून बसला होता.

तास संपवून त्या जवळजवळ धावतच विभागात आल्या. विभागप्रमुख संगणकासमोर होत्या. ज्याचं रेकॉर्डिंग ऐकून झालं, त्याचं नाव पडद्यावर निळं व्हायचं.

“बघा, बघा! सगळे निळे. लेखीवाल्यांचे निबंध अजून निम्मे रॅकमध्ये पडलेत, आणि इकडे… अरे, एकच राहिलंय.”

एकच नाव राखाडी होतं. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा आनंद तिथल्या तिथे उतरला. तीच होती. बसमधली कंडक्टर. ‘रिकाम्या बसमध्ये माणूस कुठे बसतो’ हा निबंध लिहिणारी. तिशी ओलांडलेली, नोकरी करून पदवी घेणारी, वर्गात येईल तेव्हा गणवेशातच यायची. या विषयात दोनदा राहिली होती. हा शेवटचा प्रयत्न होता. निबंध सुधारून दिला तर हमखास पास, नाही दिला तर पदवी गेली.

“ती ना?” ऑफिसातले काका फायली लावता लावता म्हणाले. “आली होती सकाळी. नाव काढून घ्यायचंय म्हणाली. मी म्हटलं, मॅडमना भेट. तर नको म्हणाली. उद्या ड्यूटीच्या आधी येऊन सही करणार आहे. एकदा सही झाली की झालं, मग देव आला तरी नाव परत घालता येत नाही.”

“फोन लावा तिला.”

“लावला. ड्यूटीवर त्यांना बंद ठेवावा लागतो.”

बाई उभ्याच राहिल्या. उद्या सकाळी दारात गाठता आलं असतं. पण मनाशी सगळं ठरवून, सही करायला आलेल्या माणसाला चार लोकांत अडवायचं कसं? आणि मुख्य म्हणजे उद्यापर्यंत थांबणं त्यांना जमण्यासारखंच नव्हतं. एवढा चांगला निबंध! नऊ मिनिटं बोलल्यात त्या त्याच्यावर!

“ती टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाणाऱ्या बसवर असते,” बाई पर्स उचलत म्हणाल्या. “निबंधातच लिहिलंय.”

“अहो पण मॅडम, चार वाजतील आता. तुमचं मौन…” काका म्हणाले.

बाई जिन्यात पोहोचल्या होत्या.

टाकीची पहिली बस आली ती गर्दीने भरलेली, दारात एक मिशीवाले कंडक्टर. दुसरीतही ती नव्हती. समोरच्या इमारतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि बाईंनी सवयीने ओठ मिटले. तिसरी बस वळणावरून आली. दारात ती उभी होती, एक हात दांडीवर, दुसऱ्यात तिकिटाचं मशीन.

बाई चढल्या. बस निम्मी रिकामी होती.

“कुठं?” मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं.

बाईंनी बोट वर टेकडीकडे दाखवलं.

“टाकी?” तिने वर पाहिलं. “अगं बाई! मॅडम, तुम्ही?” मग तिचा चेहरा पडला. “काकांनी सांगितलं वाटतं. मॅडम, तुम्ही उगाच आलात. माझं ठरलंय.”

बाईंनी पर्समधून फोन काढला आणि कानाकडे बोट दाखवलं.

“ड्यूटीवर फोन नाही चालत मॅडम. साहेब मधेच चढतात तपासायला.” तिने तिकीट बाईंच्या हातात दिलं आणि पुढे सरकली. “बसा तुम्ही. भरपूर जागा आहे.”

पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीबाई कुतूहलाने वळल्या. “का गं, त्या बोलत का नाहीत?”

“मौन असतं त्यांचं, आजी. संध्याकाळपर्यंत.”

“असं व्रत असतं होय?” मागून एक गृहस्थ म्हणाले. “आमच्या घरी कुणीतरी समजावून सांगा हो.”

“तुम्ही घ्या ना ते,” आजीबाई म्हणाल्या. “घरचे तुम्हाला दुवा देतील.”

सगळे हसले. कंडक्टरही हसली, पण बाईंकडे न बघता, आणि पुढच्या प्रवाशाकडे वळली.

बाई दांडी धरून उभ्या होत्या. काय करावं? दिवा लागेपर्यंत ही बस कितीतरी फेऱ्या मारील. ती उतरेल, घरी जाईल, सकाळी सही करील. बाईंनी डोळे मिटले. देवा, आजपर्यंत पाळलं, तुलाच ठाऊक आहे कसं ते. आज एवढं माफ कर. मग डोळे उघडून, सगळं बळ एकवटून त्या म्हणाल्या, “तुमचा निबंध या सत्रातला सगळ्यात चांगला आहे!”

नेमकी बस चढाला लागली होती. इंजिनाने असा काही आवाज केला, की खिडक्यांच्या काचा खडखडू लागल्या. आजीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गृहस्थ फोनमध्ये डोकं घालून होते. कंडक्टर सुट्टे पैसे मोजत होती. बाईंचा शब्द कुणालाही, अगदी कुणालाही ऐकू गेला नव्हता.

बाईंना हसूच आलं. मोडायचं म्हणून मोडलं, तरी त्याने मोडू दिलं नाही! त्यांनी पुन्हा ओठ मिटले आणि तिथेच, दाराशी उभ्या राहिल्या.

एक थांबा गेला. दुसरा गेला. कंडक्टर मागे आली.

“मॅडम, बसा ना. पडाल. एवढ्या सीट रिकाम्या आहेत आणि तुम्ही…”

ती बोलता बोलता थांबली. रिकाम्या सीटांकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे.

“दारापाशी,” ती हळूच म्हणाली. “जागा असूनही.”

बाईंनी जोरात मान हलवली. इतकी जोरात, की चष्मा नाकावर घसरला.

टाकीपाशी बस रिकामी झाली. ड्रायव्हर चहाला गेला. ती बसच्या पायरीवर बसली, बाईंचा फोन कानाला लावून. बाई तिच्या समोर उभ्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या, कारण आपला आवाज दुसऱ्याच्या कानात जाताना त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. फोनमधून बारीकशी कुजबुज तेवढी बाहेर येत होती. आता पहिल्या चार पानांचं चाललं असेल. ‘ही चार पानं पुस्तकांमधून घेतलीत, ती काढून टाका, त्यात तुम्ही कुठेच नाही.’ तिच्या कपाळावर आठी आली. मग आठी गेली. मग ती एकदम पुढे वाकली, फोन कानावर घट्ट दाबला, आणि एवढ्या मोठ्याने हसली, की टाकीवरची कबुतरं उडाली.

“कपाटात होतात तुम्ही? ‘कपाटात कोण बोलतंय!’ अहो मॅडम, सासूबाई म्हणजे अगदी… थांबा, थांबा, पुढं ऐकू दे.”

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग फोन मांडीवर ठेवला. डोळे पुसले, ते पाणी हसण्याचं होतं की कसलं, कोण जाणे.

“मी उघडलंच नव्हतं,” ती म्हणाली. “ग्रुपवर सगळे सांगत होते, माझं दोन मिनिटांचं, माझं तीन मिनिटांचं. आणि माझ्या नावापुढं नऊ! मी म्हटलं, झालं. एवढ्या चुका सांगायला मॅडमना नऊ मिनिटं लागली. मागच्या दोन वेळेस पण तसंच. रॅकमध्ये लांबूनच दिसलं, माझ्या निबंधावर शेवाळ आलंय. मी हात पण नाही लावला.”

बाईंनी भुवया वर केल्या. शेवाळ?

“तुम्हाला माहीत नाही?” ती ओशाळली. “पोरं म्हणतात तसं. पान हिरवंगार झालं असेल ना, तर म्हणायचं शेवाळ आलं. म्हणजे घसरला तो. शेवाळ आलेला निबंध कुणी न्यायलाच येत नाही मॅडम. लाज वाटते. दोन ओळीवाले आपापले घेऊन जातात, उड्या मारत.”

बाई तशाच उभ्या होत्या.

मग त्यांनी हातातलं तिकीट उलटं केलं, पर्समधलं हिरवं पेन काढलं, आणि पायरीच्या पत्र्यावर टेकवून लिहिलं: पान भरलं, की समजा मला थांबताच आलं नाही.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर बटण लावलं.

“पहिली चार पानं फाडते,” ती उठत म्हणाली. “नावबिव काही काढत नाही. आज रात्रीपासून बसते. पण मॅडम, त्या चार पानांनंतरचं जे सांगितलंत ना, ते मला लिहूनही द्या. आवाज डोक्यात राहतो हो, पण लिहायला बसलं की समोर कागदच लागतो.” मग मान फिरवून ओरडली, “ओ ड्रायव्हर! संपवा तो चहा! मॅडमना दिव्याला घरी पोचायचंय!”

उतारावर बाई सीटवर बसल्या. पहिलीच सीट, खिडकीची. बस अशी काही पळवली त्या ड्रायव्हरने, की आजीबाई असत्या तर देवाचा धावा केला असता. दारातून वारा येत होता, ती प्रत्येक थांब्याचं नाव गाण्यासारखं पुकारत होती, आणि बाईंच्या मांडीवरच्या फोनवर, राखाडी नाव निळं झालेलं होतं. त्यांनी ते परत परत उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाई ऑफिस उघडायच्या वेळीच हजर होत्या.

“सही करायला कुणी येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मला वाटलंच,” काका म्हणाले. “काल तुम्ही जिन्यावरून उतरलात ना, तेव्हाच वाटलं. त्या जिन्यावरून मी पण एवढ्या भराभर उतरत नाही.”

“काका, ते मागचं कपाट उघडा जरा. न नेलेल्या निबंधांचं.”

“रद्दीत घालायचे होते. तुमच्याच अक्षराचे सगळे, म्हणून राहू दिले.”

कपाटाचं दार अडकलं होतं, ते दोघांनी मिळून ओढलं. आत गठ्ठे होते, वर्षांमागून वर्षांचे, सुतळीने बांधलेले. बाईंनी वरच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. हिरवं. दुसऱ्याची सोडली. कडेने, ओळींमधून, आडवं फिरवून, सगळं हिरवं. एकही दोन ओळींचा त्यात नव्हता. हा नद्यांवर लिहिणारा मुलगा. ही, शाळा सोडणाऱ्या मैत्रिणींवर लिहिणारी. हा आठवतोय, शेवटच्या सत्राला आलाच नव्हता. त्यांनी एक पान हातात धरलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

“किती आवडले होते हो हे तुम्हाला,” काका शेजारी येऊन म्हणाले. त्यांना दुसरं काही म्हणायचं असावं.

“हो,” बाई म्हणाल्या. “पिशव्या आहेत का दोन?”

संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, मौन सुटलं. बाईंनी निरांजनाची वात सारखी केली, हात जोडले आणि आतल्या खोलीत आल्या. कपाट उघडलं, तर रजया एका बाजूला सरकवलेल्या, कोट दुसऱ्या बाजूला टांगलेला, आणि मधल्या जागेत स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल.

“मांडी घालून पाय आखडतील,” सासूबाई मागून म्हणाल्या. “आज पुन्हा का? परवाच तर सगळ्यांचं झालं म्हणालीस.”

“ही जुनी मुलं आहेत आई. आधीची.”

सासूबाईंनी पिशव्यांकडे पाहिलं. “आता कुठं असतील गं ती?”

“ठाऊक नाही.”

“आणि ऐकतील का?”

बाईंनी थोडा विचार केला. “शोधीन,” त्या म्हणाल्या.

त्या आत बसल्या, सगळ्यांत वरचा निबंध मांडीवर घेतला आणि दार ओढून घेतलं. फोनच्या उजेडात हिरवी शाई काळीच दिसत होती. लाल ठिपका लुकलुकू लागला. बाहेर सासूबाईंनी टीव्ही बंद केला.

बाईंनी पहिल्या पानावरचं नाव वाचलं, नेहमीपेक्षा थोडं मोठ्याने.